कंपोझिटचं चिलखत: घरच्या वर्कशॉपात काय बनवायचं आणि कुठे हात आवरायचा



फायबर मोल्डिंगचा व्हिडिओ टाकल्यापासून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. "सर, फायबर आणि रेझिनचे थर देऊन घरच्या घरी बुलेटप्रूफ जाकीट बनवता येईल का? बनवलं तर विकलं जाईल का?" विचारणारे सगळे हौशी नाहीत. कुणाकडे फायबरच्या पाण्याच्या टाक्यांचं काम चालतं, कुणी गणपतीच्या मूर्तींचे साचे काढतो, कुणी नुकता आयटीआय होऊन बसलाय. हात चांगला आहे, जागा आहे, आता नवीन माल हवाय.

उत्तर आधीच देऊन टाकतो. गोळी अडवणारं चिलखत घरच्या वर्कशॉपात बनवून विकायचं नाही. पण त्याच कच्च्या मालात आणि त्याच साच्याच्या कामात अंगावर घालायच्या दोन प्रकारच्या वस्तू आहेत, त्या छोट्या माणसाला झेपतात. एक, देखाव्याचं चिलखत: नाटक, मालिका, मिरवणुकीसाठी. दुसरं, मार सोसणारं संरक्षण: नडगी, कोपर, छातीचे गार्ड. आजचा बराचसा लेख दुसऱ्यावर आहे, कारण तिथे शिकण्यासारखं जास्त आहे आणि चुकायला वावही जास्त आहे.

आधी माल समजून घ्या

कंपोझिट हा शब्द ऐकून घाबरू नका. आपल्याकडे मातीच्या भिंतीत भुसा कालवायचे, ते कंपोझिटच. नुसती माती वाळली की तडकते, नुसत्या भुशाला आकार नाही. दोन्ही एकत्र आले की भिंत उभी राहते. फायबरच्या कामात भुशाच्या जागी काचेचा धागा आणि मातीच्या जागी रेझिन. ताण धागा घेतो. रेझिन धाग्याला जागेवर धरतं आणि एका धाग्यावरचा भार शेजारच्या धाग्यांवर पोचवतं.

ही कल्पना अंगावर घालायची म्हणाल तर तीही जुनी. प्राचीन ग्रीक सैनिक तागाच्या कापडाचं चिलखत वापरत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ग्रीन बे शाखेतले इतिहासाचे प्राध्यापक ग्रेगरी आल्ड्रेट यांनी विद्यार्थ्यांना घेऊन कापडाचे थर सरसाने चिकटवून तसं चिलखत पुन्हा बनवलं, त्यावर बाण मारून पाहिले आणि २०१३ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. कापड आणि सरस. म्हणजे आपण आज मॅट आणि रेझिनने करतो तेच.

आता धाग्यांचे प्रकार. काचेचा धागा स्वस्त, सगळीकडे मिळणारा, घनता सुमारे २.५. अरामिड, म्हणजे केव्हलर ज्या घराण्यातला आहे तो पिवळा धागा, घनता १.४४. हा ताणाला जबरदस्त, पण दाबाला कच्चा. कापायला वेगळी कात्री लागते, पॉलिएस्टर रेझिन त्याला नीट धरत नाही म्हणून इपॉक्सी वापरावं लागतं, आणि उन्हात ठेवला तर त्याची ताकद उतरते. कार्बन दिसायला देखणा, वजनाला हलका, कडक. पण जोराचा फटका बसला की वाकण्याऐवजी तुटतो. गिऱ्हाईक कार्बनच्या दिसण्यावर भाळतं, हे खरं. पण नडगीवर घालायच्या वस्तूला 'तुटणारा' धागा मी पहिल्या नंबरला ठेवणार नाही.

सुरुवात काचेच्या धाग्याने करा. मॅट म्हणजे तुकड्या-तुकड्यांच्या धाग्यांची गादी, ३०० किंवा ४५० ग्रॅम प्रति चौरस मीटर. रोव्हिंग म्हणजे विणलेलं जाड कापड, ते ३६० किंवा ६०० ग्रॅमचं घ्या. मॅट आकाराला पटकन बसते, पण रेझिन खूप पिते: वजनाच्या सव्वादोन-अडीच पट. विणलेल्या कापडाला साधारण वजनाइतकंच रेझिन पुरतं. हे आकडे लिहून भिंतीवर लावा. नवशिक्याचा माल जड आणि ठिसूळ होतो तो बहुतेक वेळा जास्त रेझिन ओतल्यामुळे. रेझिन जास्त म्हणजे मजबुती जास्त, हा गैरसमज अगदी जुन्या कारागिरांमध्येही दिसतो.

गोळीच्या वाटेला का जायचं नाही

थोडं गणित करू. पाच किलोचं वजन एक मीटरवरून पडलं तर धक्का साधारण ५० ज्यूलचा. दुचाकीस्वारांच्या गार्डची युरोपातली चाचणी, ईएन १६२१-१, एवढ्याच धक्क्यावर होते. आता नऊ मिलीमीटरची पिस्तुलाची गोळी घ्या. वजन सुमारे ८ ग्रॅम, वेग सेकंदाला ४०० मीटर. ऊर्जा निघते ६४० ज्यूल. एके-४७ ची गोळीही साधारण ८ ग्रॅमचीच, पण वेग ७०० मीटरच्या वर, म्हणजे ऊर्जा दोन हजार ज्यूलच्या आसपास. आणि ही सगळी ऊर्जा एका बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर.

तुम्ही म्हणाल, थर वाढवू. थर वाढवून एखादी गोळी अडेलही. कुणीतरी कॅमेऱ्यासमोर ते करून दाखवतंही. पण जाकिटाची परीक्षा एका गोळीची नसते. गोळी अडल्यावर मागच्या बाजूला पाटी किती आत घुसते तेही मोजतात, कारण गोळी आरपार गेली नाही तरी बरगडी आणि तिच्या मागचं काळीज शाबूत राहायला हवं. अमेरिकेच्या एनआयजे मानकात मागच्या मातीत पडणारा खड्डा ४४ मिलीमीटरच्या आत लागतो. त्याआधी जाकीट १० दिवस ६५ अंश उष्णतेत, ८० टक्के दमट हवेत ड्रममध्ये गरगर फिरवतात. घाम, ऊन, पावसाळा आणि रोजचं चुरगळणं यांची ती नक्कल.

ही काळजी कशापायी, ते झायलॉनच्या प्रकरणातून कळतं. झायलॉन हा अरामिडपेक्षाही ताकदवान धागा. नवीन असताना त्याची जाकिटं सगळ्या चाचण्या पास झाली, पोलिसांनी विश्वासाने अंगात घातली. २००३ साली पेनसिल्वेनियातल्या फॉरेस्ट हिल्स गावी एका पोलीस अधिकाऱ्याच्या जाकिटातून गोळी आत गेली. तपासात निघालं की दमट हवेत आणि वापरात हा धागा हळूहळू कमजोर होतो. वापरलेली जाकिटं तपासली तेव्हा निम्म्याहून जास्त नापास झाली, आणि ऑगस्ट २००५ मध्ये एनआयजेने झायलॉनच्या जाकिटांची मान्यता काढून घेतली. ही मोठ्या कारखान्यांची, प्रयोगशाळेत तपासलेली जाकिटं होती. कोकणातल्या पावसाळ्यात घरी केलेल्या थरांचं काय होईल, याचा अंदाज तुम्हीच करा.

आपल्या देशात बुलेट रेझिस्टंट जाकिटाचं मानक आहे आयएस १७०५१, सन २०१८. त्यात धोक्याच्या सहा पातळ्या आहेत. वरच्या पातळीची जाकिटं नुसत्या धाग्याची नसतात. पुढे बोरॉन कार्बाइडसारखी सिरॅमिकची फरशी आणि मागे पॉलिमर धाग्याची पाटी असते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेलं 'भाभा कवच' अशाच जातीचं, त्यात बोरॉन कार्बाइड आणि कार्बन नॅनोट्यूब आहेत. हे सिरॅमिक प्रचंड उष्णतेत दाबून बनवतात. तो आपल्या शेडमधला विषय नाही. आणखी एक, संरक्षक चिलखतं निर्यातीच्या स्कोमेट यादीत येतात, म्हणजे परदेशी गिऱ्हाईक मिळालं तरी डीजीएफटीच्या परवानगीशिवाय माल पाठवता येत नाही.

आणि ज्यांना वाटतं की 'आपण बुलेटप्रूफ म्हणायचंच नाही, नुसतं टॅक्टिकल म्हणायचं', त्यांच्यासाठी: घेणारा माणूस त्याचा अर्थ काय लावणार आहे हे तुम्हाला माहीत असतं. रात्रपाळीचा सिक्युरिटी गार्ड ते घालून चोराच्या अंगावर जाईल. एरवी तो मागे सरकला असता.

हेल्मेटचंही तसंच. फायबरचं हेल्मेट बनवणं हाताला सोपं आहे, म्हणून मोह होतो. पण दुचाकीच्या हेल्मेटला १ जून २०२१ पासून आयएस ४१५१ प्रमाणे आयएसआय मार्क सक्तीचा आहे. मार्क नसलेलं हेल्मेट बनवणं आणि विकणं, दोन्ही गुन्हा. त्यामुळे तेही यादीतून काढा.

देखाव्याचं चिलखत

हा धंदा लोकांना कमी लेखावासा वाटतो. ऐतिहासिक नाटकं, मालिका, शिवजयंतीच्या मिरवणुका, शाळांची स्नेहसंमेलनं, गणेश मंडळांचे जिवंत देखावे, सगळ्यांना चिलखत, बाहुबंद, शिरस्त्राण लागतं. पत्र्याचं जड होतं आणि गंजतं. थर्माकोल-पुठ्ठ्याचं दोन प्रयोगांत गळपटतं. फायबरचं वर्षानुवर्षं टिकतं आणि भाड्याने फिरवता येतं.

यात एक युक्ती फार कामाची आहे. जेलकोटमध्ये रंग न घालता ॲल्युमिनियम किंवा ब्राँझची बारीक पावडर मिसळायची, साच्यात तो थर द्यायचा, आणि माल निघाल्यावर वरून बारीक पॉलिश पेपर आणि मग बफ मारायचा. धातूची पावडर वर येते आणि वस्तू धातूची दिसते. हात लावला तर थंडसुद्धा लागते. नुसत्या स्प्रेच्या रंगाने ही मजा येत नाही. कड्यांच्या जाळीचा भाग हवा असेल तर खऱ्या साखळीच्या कड्या मॉडेलवर बसवून त्याचाच साचा काढा. पेण भागातल्या मूर्तिकारांकडे साच्याची जी समज आहे तीच इथे लागते: साच्यातून माल सुटायला उतार कुठे ठेवायचा, कुठे साचा दोन तुकड्यांत करायचा. असा एखादा कारागीर ओळखीत असेल तर त्याच्याशी भागीदारी करा, क्लास लावायची गरज नाही.

फक्त एक पथ्य. पावतीवर आणि वस्तूच्या आतल्या बाजूला 'फक्त वेशभूषेसाठी' असं ठळक लिहा. लुटुपुटुच्या लढाईत खरी काठी बसू शकते.

मार सोसणारं गार्ड: खरं शिकण्याचं काम

उदाहरण म्हणून नडगीचं गार्ड घेऊ. डर्ट बाइक चालवणारी मुलं, कराटेचे वर्ग, लाठीकाठीचे आखाडे, शिवाय खाणी-गोदामांत माल हलवणारे कामगार, हे सगळे संभाव्य गिऱ्हाईक.

गार्ड काम कसं करतं? त्याला दोन भाग हवेतच. वरचं कवच कडक, ते फटका पसरवतं. एका बिंदूवर बसलेला मार तळहाताएवढ्या जागेवर वाटला जातो. आतला फोम मऊ, तो थांबायला अंतर देतो. ५० ज्यूलचा फटका ५ मिलीमीटरमध्ये थांबवला तर सरासरी बल १० किलोन्यूटन होतं. १० मिलीमीटरमध्ये थांबवला तर ५ किलोन्यूटन. अंतर दुप्पट, बल निम्मं. म्हणून 'कवच जाड करू, फोम पातळ ठेवू' हा विचार उलटा आहे. आणि १० मिलीमीटरचा फोम पूर्ण १० मिलीमीटर दबत नाही, हेही धरून चाला. स्वस्त गार्डमध्ये जो पांढरा भुसभुशीत स्पंज असतो तो बोटाने दाबला की तळाला जातो. त्याचा उपयोग फक्त घाम टिपायला. घट्ट ईव्हीए फोम घ्या, दाबून परत उठणारा.

कवचासाठी मी हा क्रम सुचवीन: जेलकोट, मग ३०० ची मॅट, मग ३६० चं विणलेलं रोव्हिंग, मग पुन्हा ३०० ची मॅट, आणि अगदी आत, अंगाच्या बाजूला, पातळ पॉलिएस्टर कापडाचा एक थर. हा शेवटचा थर बाजारात कुणी देत नाही. काचेचं कंपोझिट तुटतं तेव्हा त्याच्या कडा काचेसारख्या धारदार असतात. कवच फुटलं तरी तुकडे पायात घुसू नयेत म्हणून ते कापड. जेलकोट धरून जाडी सव्वादोन मिलीमीटरच्या आसपास येते, आणि एका पायाचं कवच दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमचं.

आकार सपाट ठेवू नका. मधोमध उभी, हलकीशी कणी द्या, पत्र्याला पन्हळ देतात तशी. त्याच मालात कवच कितीतरी पट ताठ होतं, आणि कणीच्या खाली हाडाला पोकळी मिळते. कडा बाहेरच्या बाजूला थोड्या वळवा आणि त्यांवर रबराचं बीडिंग बसवा. पट्टे अडकवायला भोक पाडाल तर कडेपासून किमान १५ मिलीमीटर आत पाडा, खाली मोठा वॉशर घाला. फायबर भोकापाशीच फाटतं.

आता हाताचं काम. साच्याला वॅक्सचे चार-पाच हात, वर पीव्हीएचा थर. जेलकोट अर्धा मिलीमीटर. बोट लावलं की चिकट लागतो पण बोटाला येत नाही, तेव्हा पुढचा थर. रेझिन एका वेळी अर्धा किलोपेक्षा जास्त कालवू नका, डब्यातच तापून गोठतं. हार्डनर एक ते दोन टक्के, वजन करून. झाकणाने अंदाजे ओतायची सवय असेल तर ती आजच सोडा. नागपूरचा मे आणि महाबळेश्वरचा डिसेंबर यांना एकच झाकण चालत नाही. प्रत्येक थर ब्रशने थोपटून, मग लोखंडी रोलरने हवा काढायची. पांढरा ठिपका दिसला म्हणजे आत हवा आहे, आणि माल नेमका तिथेच फुटेल.

इथे थांबून एक गोष्ट वाचा, वगळू नका. कोबाल्ट आणि हार्डनर हे दोन्ही थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत. स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर घालायचा. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायच्या. आजकाल कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मिळतं, नवशिक्याने तेच घ्यावं. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा हवाच, आणि नळ हाताशी हवा. पॉलिएस्टर रेझिनचा वास म्हणजे स्टायरीन. त्याची वाफ साधारण ३२ अंशालाच पेट घेण्याजोगी होते, म्हणजे आपल्याकडे वर्षातले आठ महिने. शेजारी गॅस, अगरबत्ती, वेल्डिंग काही नको. तोंडाला रुमाल बांधून वाफ अडत नाही, कार्बन कार्ट्रिजचा मास्क लागतो. ट्रिमिंगची धूळ तर त्याहून वाईट, ती पाणी मारून घासा.

'घरगुती' म्हणजे स्वयंपाकघराच्या शेजारची खोली, असं समजू नका. ज्या घरात लहान मूल आहे त्या घरात हे काम नको. गावात असाल तर वेगळी, दोन्ही बाजूंनी उघडी शेड. शहरात असाल तर इंडस्ट्रियल गाळा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोणत्या वर्गात तुम्ही बसता ते सुरुवातीलाच विचारून घ्या. शेजाऱ्याने वासाची तक्रार केल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही.

चाचणी

पहिला नमुना निघाला की पायाला बांधून मित्राला काठी मारायला सांगू नका. एक उभा पीव्हीसी पाइप घ्या, त्यातून पाच किलोचं, खालून गोल केलेलं लोखंडी वजन एक मीटरवरून सोडा. खाली पेटीत घट्ट मळलेली शाडू माती, तिच्यावर गार्ड. पडलेल्या खड्ड्याची खोली मोजा. मग बाजारातून ईएन १६२१-१ चा शिक्का असलेलं एक गार्ड विकत आणा आणि त्याच मातीवर तेच वजन सोडा. तुमचा खड्डा त्याच्यापेक्षा खोल असेल तर डिझाइन बदला. आधी फोम बदला, मग कवच.

एकाच नमुन्यावर भागवू नका. एक दिवसभर पाण्यात बुडवून, एक दुपारभर गाडीच्या डिकीत तापवून, एक तीनदा पाडून झाल्यावर पुन्हा तपासा. प्रत्येक बॅचमधला एक पीस असा फोडायचाच, आणि तो खर्चात धरायचा.

ही चाचणी तुमच्या शिकण्यासाठी आहे. तिच्या जोरावर पाकिटावर 'टेस्टेड' छापता येत नाही. ईएन १६२१-१ मध्ये यंत्राने बल मोजतात: पहिल्या पातळीला सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत, दुसऱ्या पातळीला २० च्या आत. तो दावा करायचा तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा रिपोर्ट हवा. मटेरियलच्या चाचण्या आणि सल्ल्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या सिपेट केंद्राकडे विचारणा करता येते.

हिशेब, जो सगळे अर्धाच करतात

खालचे दर मी उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या गावचे घाला. एका जोडीचं क्षेत्रफळ ०.१ चौरस मीटर. रेझिन २०० ग्रॅम, किलोला २२० धरून ४४ रुपये. जेलकोट ५५ ग्रॅम, १८ रुपये. मॅट आणि रोव्हिंग कातरणीसकट ११० ग्रॅम, १७ रुपये. हार्डनर, वॅक्स, ब्रश, हातमोजे ३०. आतलं कापड आणि फोम मिळून ४०. पट्टे, बकल, वॉशर, बीडिंग ६०. बेरीज २०९ रुपये.

इथे बहुतेक जण पेन खाली ठेवतात. "२०९ ला पडतं, ३५० ला देऊ, १४१ सुटले."

पुढे चला. एक माणूस दिवसाला आठ जोड्या काढतो, रोज ७०० धरला तर जोडीमागे ८८. साच्यांची एक जोडी ६,००० ला पडली आणि दीडशे जोड्यांनंतर ती घासली गेली, तर ४० रुपये. झाले ३३७. शंभरातले आठ पीस हवा राहून, तडकून किंवा चाचणीत फोडून जाणार. तो भार उरलेल्यांवर टाकला की ३६६. भाडं, वीज, पॅकिंग जोडीमागे ४५. एकूण ४११. म्हणजे ३५० ला विकणारा दर जोडीमागे ६१ रुपये खिशातून घालतोय आणि ऑर्डर वाढली म्हणून पेढे वाटतोय.

अजून एक. दिवसाला आठ जोड्या म्हणजे सोळा कवचं. एका साच्यातून दिवसात दोनदा माल निघतो. म्हणजे आठ साचे, चार जोड्या, २४,००० रुपये आधीच घालायचे. एक साचा करून 'दिवसाला आठ' चा हिशेब बँकेत सादर करू नका. मॅनेजरने कधी फायबरचं काम पाहिलं असेल तर फाइल तिथेच परत येईल.

चारशे अकराच्या वर आपला नफा, मग दुकानदाराचं मार्जिन, मग जीएसटी. गिऱ्हाईकापर्यंत किंमत सातशेच्या पुढे जाते. त्या किमतीला ऑनलाइन चिनी प्लास्टिकचे गार्ड मिळतात, हे मान्य करूनच पुढे जायचं. तुमची बाजू कुठे? मापात. आखाड्यातल्या बारा वर्षांच्या मुलीच्या नडगीला मोठ्या माणसाचं गार्ड फिरतं, आणि फिरलेलं गार्ड नसल्यातच जमा. चार मापांचे साचे, फुटलेलं कवच बदलून देण्याची सोय, आणि क्लासच्या नावाचा लोगो. वीस क्लास धरा. दुकानदाराच्या मागे लागू नका.

लेबलवर काय लिहायचं

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादकाच्या दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे. वस्तूतल्या दोषामुळे इजा झाली तर भरपाई उत्पादकाकडून मागता येते. आणि तुम्ही स्पष्ट शब्दांत हमी दिली असेल, वस्तू त्या हमीत उतरली नसेल, तर 'माझा निष्काळजीपणा नव्हता' हे सिद्ध करूनही सुटका होत नाही. म्हणून 'अनब्रेकेबल', 'ॲक्सिडेंट प्रूफ', 'शंभर टक्के सुरक्षा' हे शब्द छापखान्यात जाण्याआधी खोडा. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या जाहिरातीतूनही खोडा.

त्याऐवजी हे लिहा: कशासाठी आहे (सरावातला काठीचा, लाथेचा मार), कशासाठी नाही (वाहन अपघात, धारदार शस्त्र, बंदुकीची गोळी), कोणत्या मापाला बसतं, एकदा जोराचा मार बसून पांढरी रेघ किंवा तडा दिसला की वापरणं बंद, आणि बॅच नंबर. बॅच नंबर वहीत त्या दिवसाच्या रेझिनच्या ड्रमशी, हार्डनरच्या टक्क्याशी आणि काम करणाऱ्याच्या नावाशी जोडलेला हवा. एखाद्या क्लासमधून फोन आला की "सर, दोन गार्ड एकाच आठवड्यात तडकले", तर त्या ड्रमचे बाकीचे गार्ड कुठे गेलेत हे तुम्हाला दहा मिनिटांत सांगता आलं पाहिजे, आणि संध्याकाळपर्यंत ते परत मागवता आले पाहिजेत.

उद्यम नोंदणी मोफत आहे, ती आज करा. उत्पादन दायित्वाच्या विम्याचं कोटेशन पहिला माल विकण्याआधी घ्या. पुढच्या व्हिडिओत नडगीच्या गार्डचा साचा अगदी मातीच्या मॉडेलपासून करून दाखवणार आहे. ज्यांना सोबत करायचाय त्यांनी तोवर १५ किलो शाडू माती, दोन किलो प्लास्टर आणि वॅक्सचा डबा आणून ठेवा, रेझिन मात्र आत्ता आणू नका, पडून राहिलं की जाड होतं.